कंपनी बुडाल्यावर गाडी कशी सांभाळावी : कोल्हापूरच्या गाडीमालकांसाठी

आपल्या आवडत्या गाडीची कंपनी दिवाळखोरीत निघाल्याची बातमी आली की बहुतेक मालक दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून मिळेल त्या भावात गाडी विकून मोकळे होतात. बाकीचे ‘आपल्या मेस्त्रीकडे सगळे मिळते’ या भरवशावर निवांत राहतात आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या किरकोळ सेन्सरपायी धडधाकट गाडी दारात उभी करून ठेवतात. कंपनी बंद पडली म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. तिचे कोणते सुटे भाग इतर गाड्यांशी सामाईक आहेत, कोणते इथे बनवून घेता येतात आणि कोणते कुठेच बनवता येत नाहीत, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते. ही वर्गवारी बाजारात माल शिल्लक असतानाच करून ठेवावी लागते. त्या दृष्टीने कोल्हापूरचा मालक नशीबवान आहे, कारण ज्या गावात ऑइल इंजिने घडली आणि जिथल्या फौंड्रींतून देशभरच्या वाहन कारखान्यांना कास्टिंग जातात, त्या गावात गाडी चालू ठेवण्याचे ज्ञान गल्लोगल्ली आहे. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जी मेबॅक गाडी दिमाखात येते, ती बनवणाऱ्या जर्मन कंपनीने मोटारी बनवणे १९४० च्या सुमारासच थांबवले होते, हे अशा वेळी आठवावे.

बातमी नेमकी कोणत्या प्रकारची आहे, ते आधी ठरवावे

‘कंपनी गेली’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो.

पहिला प्रकार म्हणजे मूळ कंपनी जगात शाबूत असते, पण भारतातला धंदा गुंडाळते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर शेवरलेटची भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी सुटे भाग लगेच बंद होत नाहीत, काही अधिकृत सेवाकेंद्रेही चालू राहतात. मात्र केंद्रांची संख्या घटत जाते आणि कोल्हापूरच्या माणसाला एखाद्या कामासाठी पुणे गाठावे लागते. इथे घाईची गरज नसते, पण निष्काळजीपणाही परवडत नाही.

दुसऱ्या प्रकारात मूळ कंपनीच कोसळते. स्वीडनच्या साबचे उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. विमाने बनवणाऱ्या कंपनीतून निघालेली ही मोटार तिच्या वेगळ्या घडणीमुळे, टर्बो इंजिनामुळे आणि दोन सीटांच्या मध्ये असलेल्या किल्लीमुळे जगभरच्या चाहत्यांची लाडकी होती. जनरल मोटर्सने १९९० मध्ये निम्मी आणि २००० मध्ये संपूर्ण मालकी घेतली. २०१० मध्ये स्पायकर या लहानशा डच कंपनीने ती विकत घेतली. एप्रिल २०११ मध्ये पुरवठादारांची देणी थकल्यामुळे ट्रोलहेट्टनचा कारखाना थांबला आणि १९ डिसेंबर २०११ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तरीही साबच्या मालकांना त्यानंतर कित्येक वर्षे सुटे भाग मिळत राहिले, कारण सुट्या भागांची कंपनी वेगळी होती, ती या दिवाळखोरीत ओढली गेली नाही आणि पुढे स्वीडिश सरकारच्या मालकीत ओरिओ या नावाने चालू राहिली. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली तेव्हाही सुट्या भागांचा धंदा दुसऱ्याच्या हाती होता आणि तो टिकला. म्हणून बातमी वाचताना कारखान्याचे काय झाले यापेक्षा सुट्या भागांचा विभाग कोणाकडे गेला, याचा शोध आधी घ्यावा. मालकाच्या दृष्टीने तीच मुख्य बातमी असते.

दक्षिण कोरियाची देवू मोटर नोव्हेंबर २००० मध्ये दिवाळखोर ठरली. जनरल मोटर्सने २००२ मध्ये तिची मुख्य मालमत्ता उचलली, पण भारतातला कारखाना त्या व्यवहारात घेतला नाही. त्यामुळे इथल्या सिएलो आणि मॅटिझच्या मालकांना अक्षरशः वाली उरला नाही. पुढे मॅटिझच्याच पुढच्या पिढीची गाडी २००७ मध्ये शेवरलेट स्पार्क म्हणून भारतात आली, तेव्हा जाणकार मेस्त्रींनी दोन्ही गाड्यांचे कोणते भाग एकमेकींना बसतात हे स्वतः ताडून पाहिले. अशी माहिती कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नसते. ती गॅरेजमध्येच मिळते.

तिसरा प्रकार सावकाश झिजण्याचा असतो, आणि मराठी माणसाला तो सर्वांत जवळून माहीत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघत असे, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. कोल्हापुरात डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि गुळाच्या व्यापाऱ्यांच्या दारात हीच गाडी दिसायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि पाया खचू लागला. नव्वदच्या दशकात प्यूजो आणि फियाट यांच्याशी केलेल्या भागीदाऱ्यांनीही तो सावरला नाही. २००० च्या आसपास पद्मिनीचे उत्पादन संपले. कंपनीने २००९ मध्ये चिंचवडहून रिओ नावाची छोटी एसयूव्ही आणून पुन्हा प्रयत्न केला, पण २०२१ च्या सुरुवातीला तिच्यावर दिवाळखोरी संहितेखालची प्रक्रिया सुरू झाली.

या एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे नशीब शेजारी ठेवून पाहावे. २०२१ मध्ये पद्मिनीच्या मालकाच्या आयुष्यात काहीच बदलले नाही, कारण तिच्या सुट्या भागांचा बाजार कितीतरी आधीपासून कंपनीवर अवलंबून नव्हता. रिओच्या मालकाची मात्र अडचण झाली : गाडीचा सांगाडा मुळात परदेशी आराखड्याचा, विकल्या गेलेल्या गाड्या मोजक्या, त्यामुळे दिवे, बंपर, काचा यांचा साठा करून ठेवण्यात कोणा व्यापाऱ्याला रस नव्हता. तरी ज्यांच्या रिओमध्ये फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन होते, त्यांचे इंजिनाचे काम कधी अडले नाही, कारण तेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, लिनिआ आणि पुंटोमध्ये होते. कंपनी एकच आणि दिवाळखोरीही एकच असली, तरी सामाईक भागांच्या प्रमाणाने दोन मालकांची परिस्थिती पूर्णपणे वेगळी केली.

पहिल्या महिन्यातली कागदी कामे

आपण नव्या गाडीसाठी आगाऊ रक्कम भरली असेल, वाढीव वॉरंटी घेतली असेल किंवा कंपनीकडून काही परतावा येणे असेल, तर हे काम सर्वांत आधी करावे. भारतातल्या कंपनीवर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली की कंपनीचा कारभार तात्पुरता सांभाळणाऱ्या अंतरिम व्यावसायिकाची नेमणूक होते, तो एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात जाहीर सूचना देतो आणि दावे दाखल करण्यासाठी त्याच्या नेमणुकीपासून साधारण १४ दिवसांची मुदत असते. धनको बँका आणि माल पुरवठादार यांचे अर्ज वेगळे असतात. ज्या ग्राहकाचे येणे या कोणत्याही वर्गात बसत नाही, त्याच्यासाठी ‘इतर धनको’ म्हणून एफ नमुन्यातला अर्ज असतो. मुदत हुकली तरी कारण देऊन पुढे काही काळ दावा करता येतो, पण त्यावर विसंबून राहू नये. प्रक्रिया चालू असताना कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली संहितेच्या कलम १४ नुसार स्थगित राहतात. कंपनी शेवटी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळली गेली, तर पैसे वाटण्याचा क्रम कलम ५३ ने ठरवलेला आहे : प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी व तारणधारक धनको, आणि सर्वसामान्य ग्राहक पुष्कळ खाली. कामगारांची देणी आधी भागावीत हे मला न्याय्यच वाटते. पण त्यामुळे ग्राहकाने मोठी आशा धरू नये, दावा मात्र जरूर करावा.

इथे एक भेद अनेकांच्या लक्षात येत नाही. विक्रेता, म्हणजे शोरूमवाला, ही कायद्याने वेगळी आसामी असते. आपण पैसे कोणाच्या खात्यात भरले आणि पावतीवर कोणाचे नाव आहे, ते पाहावे. पावती विक्रेत्याची असेल तर कंपनीला मिळालेली स्थगिती त्याला आपोआप लागू होत नाही आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याचा मार्ग मोकळा असतो; त्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वाढीव वॉरंटीच्या कागदावरही हमी देणारा कोण हे बारीक अक्षरात लिहिलेले असते. तिच्यामागे विमा कंपनी असेल, तर गाडीची कंपनी बुडाली तरी ती हमी जिवंत राहू शकते.

त्यानंतर अधिकृत सेवाकेंद्र चालू आहे तोवर तिथून चार गोष्टी मिळवाव्यात. गाडीच्या सर्व सर्व्हिसिंगची छापील नोंद मागावी. चेसिस क्रमांकावरून सुट्या भागांचे क्रमांक काढून देण्याची विनंती करावी, निदान ज्यांची गरज पडणार हे उघड आहे त्यांचे तरी. सुरक्षिततेच्या कारणासाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत आपली गाडी आहे का, हे विचारून ते काम तिथेच करून घ्यावे, कारण पुढे ते फुकट करून देणारा कोणी राहणार नाही. आणि दुसरी किल्ली नसेल, तर ती त्याच दिवशी मागवावी.

सुट्या भागांची वर्गवारी

एक वही घ्यावी आणि ओळखीच्या मेस्त्रींबरोबर एक दुपार गाडीखाली व बॉनेटखाली घालवावी. प्रत्येक भागासमोर तो कोणत्या वर्गात पडतो हे लिहावे.

पहिल्या वर्गात प्रमाणित किंवा सामाईक भाग येतात. बेअरिंग हे याचे उत्तम उदाहरण आहे. अल्टरनेटरच्या बेअरिंगवर ६२०३ असा आकडा कोरलेला असेल, तर आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर, हे जगभर ठरलेले आहे. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातून ते आले काय किंवा शहरातल्या बेअरिंगच्या दुकानातून आले काय, बेअरिंग तेच. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. फॅनबेल्टवर लांबी आणि घळींची संख्या असते. फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हे भाग गाडीची कंपनी स्वतः क्वचितच बनवते. ते बनवणारे कारखाने जिवंत असतात आणि आपल्या नावाने तोच माल बाजारात विकतात. जुना भाग काढल्यावर तो भंगारात टाकण्याआधी त्यावरचे सगळे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. ही सवय लागली की गाडीच्या निम्म्याहून अधिक भागांसाठी कंपनीची गरजच नव्हती, हे लक्षात येते.

दुसऱ्या वर्गात बनवून किंवा दुरुस्त करून घेता येणारे भाग येतात. बुश (पिनेभोवती बसणारी धातूची नळी), पिन, ब्रॅकेट, पाइप, सायलेन्सर, रेडिएटर, सीटचे काम, वायरिंग, वॉटरपंप, ब्रेक ड्रमचे टर्निंग, क्रँक ग्राइंडिंग, सिलिंडरचे रिबोअर ही सगळी कामे कोल्हापुरात होतात. त्यांची चिंता आज करण्याचे कारण नाही.

तिसऱ्या वर्गात जे येते, त्याचीच खरी काळजी करावी : समोरची काच, हेडलाइट आणि टेललाइट, दारांच्या काचा व त्यांचे रबर, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) युनिट, एअरबॅग, डॅशबोर्डवरचा मीटर, स्टिअरिंगखालचे कॉम्बिनेशन स्विच आणि वायरिंगचे विशिष्ट आकाराचे कपलर. हे भाग त्या मॉडेलपुरतेच असतात, एकेकटे बनवणे शक्य नसते आणि मालाचा साठा संपला की संपला. पैसे मोजकेच असतील तर ते सगळे या वर्गावर खर्च करावेत. इंजिन ऑइलचे दहा फिल्टर घेऊन ठेवण्यापेक्षा दोन हेडलाइट आणि एक समोरची काच घेऊन ठेवलेली बरी. काच उभी ठेवावी, तिच्या कडांना घोंगडी किंवा फोम लावावा, आडवी ठेवून तिच्यावर काही रचू नये. रबराचे भाग मात्र साठवून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण ते कपाटातही कडक होतात.

हे भाग मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच मॉडेलची अपघातात गेलेली किंवा बंद पडलेली दुसरी गाडी सुट्या भागांसाठी घेणे. जागा असलेल्याने हे जरूर करावे, पण कागदांच्या बाबतीत ढिलाई करू नये. गाडी आधीच्या मालकाच्या नावावर तशीच राहिली आणि तिची नंबरप्लेट किंवा चेसिसचा तुकडा भलत्या हाती गेला, तर त्रास दोघांनाही होतो. कायमची निकामी झालेल्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे रद्द करून घ्यावी लागते आणि त्यासाठी आरटीओला १४ दिवसांत कळवण्याची जबाबदारी मालकाची असते. आधी नोंदणी रद्द, मग सुटे भाग, हा क्रम मोडू नये.

उद्यमनगरात काम करून घेताना

शिवाजी उद्यमनगरातल्या लहान वर्कशॉपमध्ये एकाच नगाचे काम करून देणारा टर्नर अजून भेटतो, ही आपली फार मोठी ठेव आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मोठ्या कारखान्यांना एकट्या भागासाठी मशीन थांबवणे परवडत नाही. उद्यमनगरात ते जमते. पण तिथे जाणाऱ्याने काय न्यावे आणि काय सांगावे, हे शिकून घ्यायला हवे.

बहुतेक जण झिजलेला बुश खिशात घालून जातात आणि ‘असाच बनवून द्या’ म्हणतात. तसाच बनवला तर तो झिजलेल्या मापाचाच होणार. नमुन्याबरोबर बुश ज्यात बसतो तो भाग आणि त्यातून जाणारी पिन, दोन्ही न्यावेत. कसबी टर्नर नमुन्याकडे एकदा नजर टाकून बाजूला ठेवतो, बुश ज्यात बसतो त्या घराचा बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, मोजतो, पिन जिथे झिजलेली नाही तिथे, म्हणजे टोकाजवळ, मोजतो आणि मग गनमेटलचा गज चकमध्ये धरतो. व्हर्निअरवर साधारण ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते. दाबून बसवायच्या बुशसाठी मायक्रोमीटरच हवा, त्यावर ०.०१ दिसते. बाहेरचा व्यास घरापेक्षा किंचित मोठा ठेवतात, म्हणजे बुश प्रेसखाली घट्ट बसतो. आणि तो बसताना आतून किंचित आवळतो, म्हणून आतले शेवटचे माप लेथवर न काढता बुश बसवल्यानंतर रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार, फिरवून काढायचे असते. जुन्या गाड्यांच्या किंगपिनला, म्हणजे पुढचे चाक ज्या पिनेवर वळते तिला, वर-खाली दोन बुश असतात. तिथे एकच लांब रीमर दोन्हींतून एका ओळीत फिरला पाहिजे, नाहीतर पिन अडखळते आणि स्टिअरिंग जड होते. ‘बसवून रीमर करणार ना?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस काम नीट जाणतो की नाही, ते कळते. आणि त्याने लेथ थांबवून आपल्याला कारण समजावून सांगितले, तर ते मनापासून ऐकावे.

नव्या गाड्यांत थर्मोस्टॅटचे घर, पाण्याचे फ्लँज असे भाग प्लॅस्टिकचे असतात आणि उष्णतेने त्यांना चिरा जातात. असा भाग ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसी मशीनवर काढून घेता येतो आणि तो मूळ भागापेक्षा जास्त टिकतो. एकट्याला त्याचा खर्च जड जातो, कारण बराचसा खर्च ड्रॉइंग आणि प्रोग्रॅमिंगचा असतो. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली इथल्या त्याच मॉडेलच्या पाच-दहा मालकांनी मिळून काम दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला परवडणारी रक्कम येते. ड्रॉइंग मात्र आपल्या ताब्यात घ्यावे आणि जपून ठेवावे. एखाद्या कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घडवण्याचा नमुना, करून घेतला, तर तोही आपल्याच घरी ठेवावा.

एका बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही, आणि वाचकांनीही ऐकू नये. स्टिअरिंगचे टायरॉड, बॉल जॉइंट, ब्रेकचे कॅलिपर, मास्टर सिलिंडर, चाकाचा हब यांपैकी काहीही वेल्डिंग करून किंवा अंदाजाने ओतून घेऊ नये. आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या उतारावर त्याची परीक्षा होते आणि तिथे दुसरी संधी मिळत नाही. हे भाग नामांकित उत्पादकाचे मिळत नसतील, तर गाडी थांबवावी.

किल्ली आणि संगणक

जुन्या पद्मिनीच्या मालकाला ही चिंता नाही. २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांना आहे. किल्लीतली चिप आणि ईसीयू एकमेकांना ओळखत असतील तरच गाडी सुरू होते. शेवटची किल्ली हरवली आणि सेवाकेंद्र बंद झालेले असेल, तर चांगली गाडी क्रेनने न्यावी लागते. म्हणून दोन चालू किल्ल्या असाव्यात आणि किल्लीबरोबर आलेले सांकेतिक क्रमांकाचे कार्ड कागदपत्रांत ठेवावे. ईसीयू सुस्थितीत असतानाच शहरातल्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्यातली माहिती वाचून तिची प्रत काढून घ्यावी. तो बिघडल्यावर दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणून त्यात ही माहिती भरता येते, प्रत नसेल तर हे काम अनेक पटींनी अवघड होते. एबीएस, एअरबॅग यांचे दोष वाचायला बहुधा खास यंत्र लागते. इंजिनाचे बरेच दोष मात्र साध्या ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला जोडून दोषांचे क्रमांक वाचणाऱ्या छोट्या यंत्रावर, दिसतात. असा एक स्कॅनर स्वतःकडे ठेवावा.

इथेनॉल आणि पंचगंगा

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे आणि इथेनॉलमुळे उसाला आधार मिळतो, हे खरेच आहे. पण पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि ज्या गाडीची कंपनीच उरलेली नाही तिच्या जुन्या रबराला ते चालते की नाही, हे सांगायला कोणी बांधील नाही. टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी चिमटीत धरून दाबून पाहावी : ती चिकट, फुगीर किंवा स्पंजसारखी मऊ लागली, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर त्याच दिवशी बदलावी आणि इंजेक्शनच्या गाडीला दाब सोसणारी, इथेनॉलला टिकणारी नळीच घालावी. कार्ब्युरेटरच्या गाडीत डायफ्रॅम आणि वॉशरही पाहावेत. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीला आतून गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी शिये किंवा कागलपर्यंत फिरवून आणणे, हे कोणत्याही औषधापेक्षा चांगले.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज पाहणाऱ्या कोल्हापूरकराला पुराविषयी वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बुडालेल्या गाड्यांपैकी ज्यांची कंपनी चालू होती त्या खर्च करून परत आल्या. ज्यांचा ईसीयू आणि वायरिंग कुठेच मिळत नव्हते, त्यातल्या बहुतेकींचे पुढे काही होऊ शकत नव्हते. म्हणून नियम सरळ ठेवावा : पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचले की गाडी उंचावर न्यावी, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. गाडी पाण्यात गेलीच तर बॅटरीची तार आधी सोडावी आणि किल्ली अजिबात फिरवू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतात आणि मग तोटा कैक पटींनी वाढतो.

विमा आणि आरटीओ

गाडीच्या विम्यातली आयडीव्ही, म्हणजे विमा उतरवलेली किंमत, पहिल्या पाच वर्षांत ठरलेल्या घसाऱ्याने कमी होते. पाच वर्षांपुढच्या गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेले यांची किंमत मात्र विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात समजुतीने ठरवायची असते. बहुतेक मालक संगणकावर येणारा आकडा मान्य करतात आणि हप्ता थोडा कमी आला म्हणून खूश होतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी दुरुस्त न करता पूर्ण नुकसान धरली जाते. बंद कंपनीच्या गाडीचे भाग दुर्मीळ आणि महाग असतात, तिची बाजारातली किंमत पडलेली असते. त्यामुळे पुढून बसलेल्या साध्या धडकेतही दिवे, बॉनेट आणि रेडिएटरची बेरीज त्या मर्यादेच्या पुढे जाते, आणि आपल्याला हवी असूनही गाडी हातची जाते. म्हणून नूतनीकरणापूर्वी गाडीचे सर्व बाजूंनी फोटो, केलेल्या कामांची बिले आणि तशाच गाड्यांच्या विक्रीचे भाव घेऊन विमा कंपनीशी बोलावे आणि योग्य आयडीव्ही लिहून घ्यावी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीला जाण्यापूर्वी दिवे, हँडब्रेक, वायपर, हॉर्न आणि पीयूसी पाहून घ्यावेत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण ती घेतल्यावर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सत्तरच्या दशकातली फियाट आजही नेहमी चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

केव्हा थांबावे

प्रत्येक गाडी वाचवावीच असे माझे म्हणणे नाही. चेसिसचा मुख्य भाग किंवा सस्पेन्शन जिथे बोल्ट होते ती जागा गंजून पोकळ झाली असेल, एअरबॅग किंवा एबीएसचा दोष दूर होण्याचा मार्ग उरला नसेल आणि घरात तीच एकमेव गाडी असेल, तर ती बदलावी. याउलट सांगाडा निरोगी असेल, इंजिन सामाईक घराण्यातले असेल आणि तिसऱ्या वर्गातले भाग आपल्याकडे असतील, तर बाजारभाव काहीही सांगो, ती गाडी आणखी बरीच वर्षे चालते. दुसऱ्याची अशी गाडी विकत घ्यायची असेल, तर हाच हिशेब उलट बाजूने मांडावा : इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी चारही दिवे, समोरची काच, दुसरी किल्ली आणि डॅशबोर्डवरचे सर्व इशारे तपासावेत, कारण इंजिन कोल्हापुरात उघडून बांधता येते, फुटलेला टेललाइट मात्र येत नाही.

विकण्याची वेळ आलीच, तर भंगाराच्या भावाने देण्याआधी त्याच मॉडेलच्या मालकांना विचारावे. गाडीबरोबर सुट्या भागांचे खोके, आकड्यांची वही, ड्रॉइंग आणि ईसीयूची प्रतही द्यावी, आणि किंमत ठरवताना त्या सगळ्यांचा वेगळा हिशेब करावा, कारण जाणत्या खरेदीदाराला त्यांचे मोल गाडीइतकेच वाटते. नाव बदलल्याची नोंद आरटीओत झाल्याची खात्री होईपर्यंत विम्याची आणि विक्रीची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवावीत.